पेशीच्या आधीची निवड



उत्क्रांतीवर कुठेही जाहीर चर्चा झाली की एक प्रश्न हमखास येतो. 'माकडापासून माणूस झाला हे घटकाभर मान्य करू, पण पहिला जीव कुठून आला ते सांगा.' या वाक्याच्या पूर्वार्धात जी चूक आहे ती आज बाजूला ठेवू, कारण उत्तरार्धातला प्रश्न खरा आहे. त्यावर व्यासपीठावरून मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं : तो प्रश्न उत्क्रांतीचा नाही, जीव एकदा अवतरल्यावर पुढे काय घडलं तेवढंच डार्विनचा सिद्धांत सांगतो, आधीचं रसायनशास्त्रज्ञांना विचारा. या उत्तराने विचारणारा गप्प बसतो, त्याचं समाधान होत नाही. आणि ते व्हायलाही नको, कारण हे उत्तर खरं असण्यापेक्षा सोयीचं जास्त आहे. नैसर्गिक निवड पहिल्या पेशीची वाट बघत थांबलेली नव्हती. ती पेशीच्या बरीच आधी सुरू झाली असली पाहिजे, आणि पेशी हेच तिच्या कामाचं फळ असलं पाहिजे, हे मला आज मांडायचं आहे. मात्र निवड सुरू होण्यासाठी जे किमान भांडवल लागतं, ते निवडीला स्वतः उभं करता येत नाही. ते रसायनांकडूनच यावं लागतं, आणि तो हिशेब अजून पुरा लागलेला नाही. त्यामुळे उत्क्रांती जीवाचा उगम सांगते का, या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दाचं उत्तर देणारा माणूस, मग तो कोणत्याही बाजूचा असो, घाई करतो आहे.

ही टाळाटाळ खुद्द डार्विनपासूनची आहे, आणि तिच्यामागे कारणं होती. १८५९च्या ग्रंथात त्याने सजीवांच्या उगमाला हात घातला नाही. शेवटच्या वाक्यात प्रथम काही थोड्या रूपांत प्राण फुंकला गेला, इतकंच म्हटलं, आणि १८६०च्या दुसऱ्या आवृत्तीत तिथे निर्मात्याचा उल्लेख घातला. १८६३ साली आपला मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर याला लिहिताना त्याने कबूल केलं की लोकमतापुढे आपण मान तुकवली, याचा आपल्याला पस्तावा होतो आहे. त्याच पत्रात त्याने असंही म्हटलं की सध्या जीवाच्या उगमाचा विचार करणं निरर्थक आहे. तो करायचा तर मग पदार्थाच्या उगमाचाही करावा. पण डोक्यातून विषय गेला नव्हता. १८७१मध्ये पुन्हा हूकरलाच लिहिलेल्या पत्रात तो छोट्या उबदार डबक्याची कल्पना करतो : अमोनिया, फॉस्फरसचे क्षार, उजेड, उष्णता, वीज, आणि त्यातून रासायनिक रीतीने तयार झालेलं प्रथिनासारखं काहीतरी. हे डबकं पुढे फार प्रसिद्ध झालं. मला त्याच्या शेजारचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. डार्विन म्हणतो की असा पदार्थ आज कुठे तयार झालाच तर तो लगेच खाऊन टाकला जाईल किंवा शोषला जाईल. सजीव नव्हते त्या काळात तसं झालं नसतं. म्हणजे जीव आज नव्याने निर्माण होताना का दिसत नाही, याचं कारण त्याने जीवांच्याच स्पर्धेत शोधलं. हा रसायनांबद्दलचा विचार असला तरी विचार करण्याची रीत अस्सल डार्विनची आहे.

मधल्या काळात पॅरिसमध्ये लुई पाश्चरने हंसाच्या मानेसारखी वळणदार नळी असलेल्या चंबूत पोषक रस उकळून ठेवला आणि धूळ आत जाऊ शकली नाही तर तो नासत नाही, हे दाखवलं. १८६२ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने त्याला त्यासाठी पारितोषिक दिलं. जीव जीवापासूनच येतो, हा निष्कर्ष त्यातून रूढ झाला, आणि आजही उत्क्रांतीचे विरोधक पाश्चरला साक्षीला उभं करतात. विरजणाशिवाय दही लागत नाही, हे घराघरांत ठाऊक आहे. पण म्हणून जगातलं पहिलं विरजणही दह्यातूनच आलं असणार, असं कोणी म्हणत नाही. पाश्चरने चंबूतला रस तपासला होता. करोडो वर्षं, समुद्राएवढा पसारा, प्राणवायू नसलेलं वातावरण आणि खाऊन टाकणारं कोणीही नाही, ही परिस्थिती त्या चंबूत नव्हती, आणि ती तपासल्याचा दावा करण्याची गरजही नाही.

ती परिस्थिती विचारात घेण्याचं काम अलेक्सांद्र ओपारिन याने १९२४ साली रशियात आणि जे. बी. एस. हाल्डेन याने १९२९ साली इंग्लंडमध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे केलं. १९५३मध्ये शिकागो विद्यापीठातल्या स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने हॅरल्ड यूरी यांच्या मार्गदर्शनाखाली केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन यांच्यात विजेच्या ठिणग्या पाडून त्याने अमिनो आम्लं मिळवली. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांतून असा मांडला जातो की जणू प्रश्नाचा निकालच लागला. तसं काही झालेलं नाही. आदिम वातावरणात मिथेन-अमोनिया इतक्या प्रमाणात होते का, याबद्दलच आता शंका आहे. शिवाय अमिनो आम्लं मिळवायला पृथ्वीवरच्या ठिणग्यांवर अवलंबून राहण्याचं कारण उरलेलं नाही. १९६९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन इथे पडलेल्या उल्केत ती डझनांनी सापडली. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ साली पृथ्वीवर आणलेल्या मातीत सजीवांच्या २० अमिनो आम्लांपैकी १४, आणि डीएनए-आरएनए यांच्या पाचही बेसेस मिळाल्याचं २०२५मध्ये जाहीर झालं. कच्चा माल विश्वात मुबलक आहे, एवढं नक्की. पण कच्च्या मालाचा ढीग कितीही मोठा झाला म्हणून तो आपल्यासारखा दुसरा ढीग तयार करत नाही. मिलरच्या चंबूतलं ग्लायसिन हे अमिनो आम्ल पुढच्या ग्लायसिनला काही शिकवून जात नाही. जीवाच्या उगमाचा अवघड भाग तिथून पुढे सुरू होतो.

निवड व्हायला काय लागतं? प्रत निघाली पाहिजे, प्रतीत क्वचित चूक झाली पाहिजे, ती चूक पुढच्या प्रतीत उतरली पाहिजे आणि तिच्यामुळे प्रती निघण्याचा वेग किंवा टिकण्याची शक्यता कमीजास्त झाली पाहिजे. या यादीत पेशी नाही, चयापचय नाही, जीव हा शब्दसुद्धा नाही. ही नुसती तर्काची करामत नाही हे सोल स्पीगेलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय विद्यापीठात केलेल्या, १९६७मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवलं. जिवाणूंना ग्रासणारा क्यू-बीटा नावाचा विषाणू आहे. त्याचा आरएनए, त्या आरएनएची नक्कल करणारं विकर (एन्झाइम), आरएनएची चार प्रकारची सुटी अक्षरं आणि क्षार एवढं त्यांनी परीक्षानळीत घातलं. वीस मिनिटांनी त्यातला थेंब दुसऱ्या नळीतल्या ताज्या मिश्रणात टाकला. मग त्यातला तिसऱ्या नळीत. पुढे पुढे मधला अवधी कमी करत नेला, म्हणजे जो आरएनए लवकर प्रती काढेल त्याचाच थेंबातून पुढे जाण्याचा संभव वाढला. अशा ७४ खेपा झाल्या. शेवटच्या नळीतला आरएनए मूळच्या आरएनएपेक्षा कितीतरी वेगाने प्रती काढत होता, आणि त्याच्या मूळ लांबीपैकी ८३ टक्के भाग गळून गेला होता. जिवाणूत शिरण्यासाठी, विषाणूचं कवच घडवण्यासाठी लागणारी माहिती नळीत निरुपयोगी होती. ती वाहून नेणारे मागे पडले. १९७०मध्ये याच पद्धतीत प्रती काढण्यात अडथळा आणणारं रसायन मिश्रणात मिसळलं, तेव्हा त्या रसायनाला दाद न देणारे आरएनए निवडून आले. नळीत जिवंत असं काही नव्हतं. तरीही तिथे जे घडलं त्याला नैसर्गिक निवडीखेरीज दुसरं नाव देता येत नाही.

या म्हणण्याला पहिला आक्षेप उत्क्रांतीच्या विरोधकांकडून आलेला नाही. तो विसाव्या शतकातल्या एका मोठ्या उत्क्रांतिशास्त्रज्ञाचा आहे. १९६३च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातल्या वाकुला स्प्रिंग्ज इथे जीवपूर्व रसायनांवर परिषद भरली होती. ओपारिन आणि हाल्डेन यांची प्रत्यक्ष गाठ तिथे पडली. हाल्डेन तोवर भारतात स्थायिक झालेले होते. पुढच्याच वर्षी भुवनेश्वरला त्यांचा अंत झाला. या परिषदेत थिओडोसियस डोब्झान्स्की यांनी बजावलं की जीवापूर्वीची नैसर्गिक निवड हा वदतोव्याघात आहे, कारण निवडीला आधी स्वतःच्या प्रती काढणारं काहीतरी लागतं. डोब्झान्स्की यांचं तर्कशास्त्र बिनचूक आहे. पण ते नेमकं काय नाकारतं हे बघितलं पाहिजे. प्रती काढणारं काहीच नसताना निवडीचा हवाला देता येणार नाही, हे त्यांनी सांगितलं, आणि अमिनो आम्लांच्या द्रावणात 'निवड' चालते असं सैल बोलणाऱ्यांचे कान उपटले. प्रती काढणारा रेणू आणि पेशी यांच्यामधल्या प्रदेशाबद्दल मात्र या आक्षेपात काही नाही. डोब्झान्स्की प्रती काढणाऱ्याला जीवच म्हणणार असतील तर तेवढी सवलत द्यायला माझी हरकत नाही. मग जीवाची सुरुवात पेशीच्या पुष्कळ आधी सरकते आणि माझं म्हणणं तसंच राहतं.

दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे, आणि मराठी वाचकांना त्याचा कर्ता परका नाही. डॉ. जयंत नारळीकर यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी गणित मांडलं की साध्यातल्या साध्या पेशीला सुमारे दोन हजार विकरं लागतात. ती सगळी योगायोगाने जुळून येण्याची शक्यता एकावर ४० हजार शून्यं इतक्यांत एक. भंगारच्या अड्ड्यावरून वावटळ जावी आणि तिने विमान जोडून ठेवावं, तशी ही गोष्ट आहे, असं त्यांनी म्हटलं. हॉईल खगोलशास्त्रातले असामान्य बुद्धीचे गृहस्थ. पण या गणितात त्यांनी आजची दोन हजार विकरं, आजच्याच रूपात, एकाच वेळी, एकाच झटक्यात मागितली. ज्याने उगमाचा सिद्धांत मांडला आहे असा कोणीही हे मागत नाही. बरं, एकेक मागितली तरी ती दुर्मीळच असतील की नाही? याचं उत्तर कागदावर देण्यापेक्षा प्रयोगाने दिलेलं बरं, आणि ते १९९३मध्ये डेव्हिड बार्टल आणि जॅक शोस्टॅक यांनी बोस्टनमध्ये दिलं.

त्यांनी दहा कोटी कोटींहून अधिक वेगवेगळे आरएनए रेणू तयार केले. प्रत्येकात २२० अक्षरं निव्वळ यदृच्छेने जोडलेली. हा आकडा प्रचंड वाटतो, पण असा सगळा संच वजनाला एक मिलिग्रॅमही भरत नाही. उलट २२० अक्षरांच्या शक्य असलेल्या सगळ्या मांडण्या मोजल्या तर एकावर १३२ शून्यं होतात. तेव्हा या संचात त्या शक्यतांचा जवळजवळ शून्य अंश होता. हॉईल यांच्या हिशेबाने यातून काही हाती लागायला नको. संचाला काम दिलं ते असं : सोबत दिलेला आरएनएचा एक तुकडा स्वतःच्या टोकाला जोडून घ्यायचा. ज्यांना जमलं त्यांना त्या तुकड्यावरच्या खुणेने वेचून काढलं, प्रती काढल्या, प्रती काढताना मुद्दाम काही चुका होऊ दिल्या, आणि पुन्हा तेच काम दिलं. दहा फेऱ्यांनंतर उरलेला संच ही जोडणी, आपोआप होईल त्यापेक्षा सत्तर लाखपट वेगाने करत होता. मूळ संचात हे काम जमणारे रेणू साधारण वीस लाख कोटींत एक या प्रमाणात होते. दुर्मीळ खरेच, पण मिलिग्रॅमभर मालात सापडतील इतकेच दुर्मीळ. आणि जे सापडले ते सगळे एका ठशाचे नव्हते; एकच काम करण्याच्या अनेक वाटा निघाल्या. संभाव्यतेच्या युक्तिवादाची गफलत इथे उघडी पडते. तो लक्ष्य आधी ठरवून मग नेम धरतो. निवडीला ठरावीक लक्ष्य नसतं, तिला जरासा फायदा पुरतो.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. या सगळ्या प्रयोगांत माणसाचा हात आहे. स्पीगेलमनच्या नळीत प्रती काढणारं विकर आयतं होतं, आणि ते जिवंत जिवाणूंकडून आणलेलं होतं. बार्टल-शोस्टॅक यांनी वेचलं, धुतलं, पुन्हा वेचलं. मग हे निसर्गाचं वर्णन कसं? यातला अर्धा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. हे प्रयोग पृथ्वीवर काय घडलं याची चित्रफीत दाखवत नाहीत. पण प्रयोगात हात कुठे आहे आणि कुठे नाही, हेही बघावं लागतं. प्रयोगकर्त्याने सामान पुरवलं आणि कसोटी ठरवली. कोणत्या अक्षराच्या जागी कोणतं अक्षर यावं हे त्याने ठरवलं नाही. उत्तर त्याला आधी माहीतच नव्हतं. माहिती कुठून आली, हा आपला प्रश्न असेल तर ती निवडीतून आली, हे या प्रयोगांतून निःसंशय दिसतं. सामान कुठून आलं, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याकडे मी येणारच आहे.

त्याआधी स्पीगेलमनच्या प्रयोगातली एक अडचण, कारण ती बहुधा झाकून ठेवली जाते. तिथला आरएनए साधा होत गेला, लहान होत गेला. निवडीचा कल असा लहान आणि चपळ होण्याकडेच असेल तर गुंतागुंत वाढणार कशी? जर्मन शास्त्रज्ञ मानफ्रेड आयगेन यांनी १९७१मध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू गणिताने मांडली. चुका दुरुस्त करणारी विकरं नसताना प्रती काढल्या तर दर शंभर अक्षरांमागे एखादी चूक व्हायचीच. मग शंभर अक्षरांहून फार मोठा संदेश टिकणार नाही, कारण प्रत्येक प्रतीत काही ना काही बिघडत जाईल आणि चांगली प्रत शोधून सापडणार नाही. चुका कमी करायच्या तर चांगलं विकर हवं; चांगल्या विकराचा आराखडा शंभर अक्षरांत बसत नाही. असा हा पेच आहे, आणि तो काल्पनिक नाही. २०२४मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत जेराल्ड जॉइस यांच्या गटाने आरएनएकडूनच दुसऱ्या एका लहान, काम करणाऱ्या आरएनएच्या प्रती पिढ्यान्पिढ्या काढवून घेतल्या. प्रती काढणारा आरएनए जास्त चुका करणारा होता तेव्हा पुढच्या पिढ्यांतलं कामच नाहीसं होत गेलं. अचूकता वाढवलेला आरएनए वापरला तेव्हा काम टिकलं आणि त्यात नवे, सरस प्रकार निपजले. आयगेन यांनी गणितात आखलेली रेषा इथे नळीत दिसली, आणि ती ओलांडता येते हेही दिसलं. शिवाय इथे प्रती काढण्याचं काम आरएनएनेच केलं.

गुंतागुंत वाढण्याबद्दलही आता हातात काही आहे. टोकियो विद्यापीठातल्या नोरिकाझू इचिहाशी यांच्या गटाने २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात सुरुवात एकाच आरएनएपासून केली होती. तो आपली नक्कल करणाऱ्या विकराचा आराखडा स्वतःमध्ये बाळगत होता, आणि सगळं मिश्रण सूक्ष्म थेंबांत विभागलेलं होतं. शेकडो फेऱ्यांत त्या एकाचे पाच वंश झाले : तीन यजमान, आणि आराखडा टाकून देऊन दुसऱ्याच्या विकरावर जगणारे दोन परोपजीवी. हे वंश एकमेकांवर अवलंबून राहून टिकले. भाषांतराची यंत्रणा इथेही जिवाणूंकडून उसनी घेतलेली होती, तेव्हा हे आदिम पृथ्वीचं चित्र म्हणून मी सांगत नाही. पण निवड फक्त काटछाट करते हा समज यानंतर धरून ठेवता येत नाही. परोपजीवी आले की यजमानाला बदलावं लागतं, आणि थेंबांच्या भिंती असल्या की आळशांनी सगळ्यांना बुडवण्याआधी काही थेंब वाचतात.

भिंतींचा विषय निघाला म्हणून हेही सांगतो. शोस्टॅक यांच्याच प्रयोगशाळेत २००४ साली मेदाम्लांच्या सूक्ष्म पिशव्यांवर एक काम झालं. काही पिशव्यांत आरएनए भरला, काही रिकाम्या ठेवल्या. आरएनए असलेल्या पिशवीत बाहेरून पाणी शिरतं, तिचं आवरण ताणलं जातं. ताण कमी करण्यासाठी ती शेजारच्या रिकाम्या पिशवीच्या आवरणातले रेणू ओढून घेते. आरएनए असलेली मोठी होते, रिकामी आकसते. इथे कोणाच्याही आज्ञेवाचून, साध्या परासरणाच्या दाबाने, आत जास्त आरएनए असणं हा पिशवीचा फायदा झाला. पेशीची भिंत आणि आतला संदेश यांचं हित एकत्र बांधलं जाण्याची मला माहीत असलेली ही सगळ्यांत साधी रीत आहे.

प्रयोगशाळेतला पुरावा बाजूला ठेवला तरी आणखी एक पुरावा आपल्या प्रत्येकाच्या अंगात आहे. थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की आरएनए केवळ निरोप्या नाही, तो विकरासारखं कामही करतो. त्यांना १९८९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे २००० साली रायबोझोमची रचना उलगडली. सगळ्या सजीवांतली प्रथिनं याच यंत्रात घडतात. या यंत्रात अमिनो आम्लं एकमेकांना जिथे जोडली जातात, त्या नेमक्या जागी प्रथिन नाहीच. तिथे आरएनए आहे. प्रथिनं बाहेरून टेकू दिल्यासारखी बसलेली आहेत. या कामाचं २००९चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत बडोद्यात पदवीचं शिक्षण घेतलेले वेंकटरामन रामकृष्णन होते. प्रथिनं घडवणारं यंत्र प्रथिनाचं नसावं, याचा उलगडा एकच होतो : प्रथिनांच्या आधी आरएनए होता, आणि तोवरच त्याने बरंच काम शिकून घेतलेलं होतं. सगळ्या सजीवांचा शेवटचा समान पूर्वज, ज्याला शास्त्रज्ञ लुका म्हणतात, त्याचा २०२४मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो की तो सुमारे ४२० कोटी वर्षांपूर्वी होता आणि त्याच्यात सुमारे २,६०० प्रथिनांचे आराखडे होते. कालमापन पुढेमागे सरकेल. पण दोन-अडीच हजार प्रथिनं बाळगणारा हा पूर्वज सुरुवातीचा नाही, हे कोणत्याही मोजमापाने खरं राहतं. त्याच्यामागे उत्क्रांतीचा मोठा पल्ला आहे. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं धरलं तर एवढं सगळं तीसेक कोटी वर्षांत उरकलं असलं पाहिजे. निवडीशिवाय नुसत्या योगायोगाला हा वेळ कधीच पुरला नसता.

आता उधारीकडे, म्हणजे सामान कुठून आलं या प्रश्नाकडे. आरएनएचं अक्षर म्हणजे शर्करा, बेस आणि फॉस्फेट. शर्करा टिकत नाही, बेस आणि शर्करा पाण्यात सहजी जुळत नाहीत, आणि आरएनएची साखळी पाण्यातच तुटत राहते. पाण्याशिवाय जीव नाही आणि पाण्यात साखळी टिकत नाही. जॉन सदरलंड यांच्या गटाने मँचेस्टरमध्ये २००९ साली शर्करा आणि बेस वेगवेगळे करून मग जोडण्याचा नाद सोडला, आणि दोन्हींचे भाग एकाच साखळी अभिक्रियेत घडवून आरएनएची दोन प्रकारची अक्षरं मिळवली. ही कोंडी फुटली तशा आणखी फुटतील. पण पायऱ्यांचा क्रम, शुद्ध केलेली रसायनं, योग्य वेळी घातलेलं फॉस्फेट हे सगळं तिथेही माणसाने सांभाळलं होतं. समुद्रतळावरच्या क्षारीय झऱ्यांवर भर देणारे, आणि ज्वालामुखीच्या परिसरात सुकणारी-भरणारी डबकी हीच जागा म्हणणारे, यांच्यातला वाद मिटलेला नाही. आरशातल्या प्रतिबिंबासारख्या दोन रूपांपैकी अमिनो आम्लांचा डावा हातच सजीवांनी कसा पत्करला, हेही नीट सांगता येत नाही; मर्चिसनच्या उल्केत काही आम्लांत डाव्यांचं आधिक्य दिसलं होतं, बेन्नूच्या मातीत डावे-उजवे जवळजवळ सारखे निघाले. या यादीतल्या एकाही ओळीचं उत्तर नैसर्गिक निवड देत नाही. ते देणं तिचं कामही नाही.

उगम पृथ्वीबाहेर ढकलला तर ही उधारी फिटते का? हॉईल आणि त्यांचे सहकारी चंद्र विक्रमसिंगे यांनी तोच मार्ग धरला. नारळीकरांनी त्या कल्पनेला निदान तपासण्याजोगं रूप दिलं, हे महत्त्वाचं आहे. हैदराबादहून सोडलेल्या बलूनांनी ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरून हवेचे नमुने आणले, त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचं २००९मध्ये जाहीर झालं, आणि एकीला हॉईल यांचं नाव देण्यात आलं. ते जिवाणू पृथ्वीबाहेरचेच असल्याचं यावरून सिद्ध होत नाही, हे त्या वेळी इस्रोनेही स्पष्ट केलं होतं. आणि ते तसे असते तरी पहिली प्रत कुठेतरी निघालीच पाहिजे. पत्ता बदलतो, प्रश्न तोच राहतो.

मग या मोकळ्या जागेत निर्माता बसवायला काय हरकत आहे, असं विचारलं जातं. कोणी श्रद्धेने बसवत असेल तर विज्ञान आडवं येत नाही, पण ते उत्तर प्रयोगशाळेत पुढच्या दिवसाचं काम सुचवत नाही, एवढंच मी म्हणेन. शाळेच्या पुस्तकाबद्दल मात्र बोललं पाहिजे. २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग गेला, आणि त्याबरोबर पृथ्वीवरच्या जीवाच्या उगमाचा मजकूरही गेला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्यावर जाहीर पत्र लिहिलं. महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकाचा दुसरा भाग आनुवंशिकता आणि उत्क्रांती याच धड्याने सुरू होतो, ही त्या मानाने बरी गोष्ट. पण जिथे धडा आहे तिथेही उगम आणि उत्क्रांती हे दोन वेगळे डबे म्हणून शिकवले जातात : इकडे मिलरचा चंबू, तिकडे डार्विनचे पक्षी. मधल्या प्रदेशाचं, जिथे रेणू एकमेकांशी स्पर्धा करतात, नावही नसतं. मुलाने तो ठरलेला प्रश्न विचारला की मास्तरांकडे तेच सोयीचं उत्तर असतं.

माझं म्हणणं कशाने खोटं ठरेल, हेही सांगायला हवं. खनिज मातीच्या पृष्ठभागावर, विकरांशिवाय, आधी सक्रिय केलेल्या अक्षरांपासून चाळीस-पन्नास अक्षरांपर्यंतच्या आरएनएच्या साखळ्या तयार होतात, हे जेम्स फेरिस यांनी १९९०च्या दशकात दाखवलं. दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या आरएनएच्या प्रती काढू शकणारे प्रयोगशाळेतले उत्तम आरएनए दीडशे ते दोनशे अक्षरांच्या घरात आहेत. रसायन आपल्या बळावर जिथवर पोचतं आणि निवड जिथून कामाला लागू शकते, त्यांच्यामध्ये आज साधारण एवढं अंतर आहे. प्रती काढणारा सर्वांत लहान संच काही हजार अक्षरांखाली असूच शकत नाही, असं उद्या कोणी दाखवलं, तर मी आज मांडलेलं सगळं कोसळेल. मग निवड पेशीच्या आधी सुरू होण्याला जागाच राहणार नाही. तसं अजून कोणी दाखवलेलं नाही. मधलं अंतरही अजून कोणी पुरं ओलांडलेलं नाही. गेल्या तीस वर्षांत ते दोन्ही टोकांकडून कमी होत आलं आहे.